दिसतं तसं नसतं: टेबलावरच्या इल्यूजनचा तोल कसा सांभाळावा

डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावरच्या कथाखेळात डीएम, म्हणजे गोष्ट आणि शत्रू चालवणारा, म्हणून माझा तो तिसरा रविवार होता. जुळे सोलापुरात मित्राच्या घरी वरच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो होतो. मध्ये सतरंजीवर नकाशा, बाजूला ताटात कडक भाकरीचे तुकडे आणि शेंगाचटणी. पडक्या गढीत चार गॉब्लिन (छोटे राक्षस) पार्टीच्या, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांच्या, मागे लागले होते. माझी मावसबहीण विझार्ड, म्हणजे जादूगार, खेळत होती. ती म्हणाली, "दादा, मी मायनर इल्यूजन टाकते. बोळाच्या तोंडाशी दगडी भिंत. आम्ही मागे दबा धरून बसतो." मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "गॉब्लिन भिंतीतून आरपार धावत येतात."

ती काही बोलली नाही. पुढचे तीन रविवार तिने एकही इल्यूजन, म्हणजे खोटा भास दाखवणारं स्पेल (मंत्र), टाकलं नाही, नुसते फायर बोल्ट (आगीचे झोत) मारत राहिली.

भिंत खोटी आहे हे मला माहीत होतं, गॉब्लिनांना नव्हतं. माझ्या डोक्यातलं मी त्यांच्या डोक्यात घातलं आणि तिची युक्ती फुकट गेली. हे लक्षात आल्यावर मी दुसऱ्या टोकाला गेलो. तिने सायलेंट इमेज या मोठ्या इल्यूजनने ओग्रांच्या (धिप्पाड राक्षसांच्या) पायाखाली लाव्हा दाखवला की ओगर पळाले, दरीवर पूल दाखवला की शत्रू खाली कोसळले. दोन सेशनमध्ये फायटर (लढवय्या) खेळणारा मित्र फासा हातात धरून म्हणाला, "माझी पाळी येणार कधी बे?" त्याचंही बरोबर होतं.

या दोन टोकांच्या मध्ये कसं राहायचं, ते नव्याने डीएमिंग सुरू करणाऱ्यांसाठी लिहितोय. उदाहरणं डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची, २०१४ च्या नियमांची आहेत. २०२४ ची सुधारित पुस्तकं वापरत असाल तर आकडे तिथले घ्या, विचार तोच चालेल.

अवघड नेमकं काय आहे

फायरबॉल टाकला की काय होतं ते छापलेलं असतं: २० फूट त्रिज्या, ८ सहाबाजूंच्या फाशांइतकी इजा, डेक्स्टेरिटी सेव्ह (चपळाईने वाचायचा फासा). वाद घालायला जागा नाही. इल्यूजनच्या वर्णनात मात्र चित्र केवढं, किती वेळ, एवढंच असतं. समोरचा ते बघून काय करेल हे कुठेच लिहिलेलं नसतं. तो "समोरचा" तुमच्याच डोक्यात राहतो. म्हणजे खेळाडूच्या स्पेलची ताकद किती, हे प्रत्येक वेळी डीएमच्या त्या दिवशीच्या मूडवर ठरतं. तोल जातो तो इथेच.

हा प्रश्न खेळाइतकाच जुना आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा मूळ खेळ १९७४ मध्ये आला आणि १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात इल्यूजनिस्ट हा वेगळा क्लास होता. त्या काळात इल्यूजन खरं मानलं तर इजासुद्धा होऊ शकायची. त्यामुळे समोर काहीही आलं की "मी यावर विश्वास ठेवत नाही" असं म्हणायची खेळाडूंना सवय लागली. पाचव्या आवृत्तीत नुसत्या म्हणण्याने भागत नाही. हात लावा, नाहीतर एक ॲक्शन (आपल्या पाळीतली कृती) खर्चून नीट तपासा आणि इन्व्हेस्टिगेशनचा, म्हणजे बारकाईने शोधायच्या कौशल्याचा, रोल करा (फासा टाका). हा बदल मला फार मोलाचा वाटतो, कारण त्याने संशयाला किंमत लावली.

पायरी १: स्पेलमधून चार गोष्टी कार्डावर उतरवा

कोणत्या इंद्रियाला फसवतं, केवढं मोठं, किती वेळ, आणि हलतं का. बस्स.

मायनर इल्यूजन: एकतर आवाज, नाहीतर एखाद्या वस्तूचं चित्र, दोन्ही एकदम नाही. चित्र ५ फुटांच्या घनात मावलं पाहिजे, टिकतं १ मिनिट, कॉन्सन्ट्रेशन (स्पेल टिकवायला सतत लक्ष) लागत नाही. चित्राला आवाज नाही, वास नाही, उजेड नाही. सायलेंट इमेज: १५ फुटांचा घन, १० मिनिटांपर्यंत, कॉन्सन्ट्रेशन लागतं, फक्त डोळ्यांना दिसतं. ते हलवायचं तर विझार्डला आपली ॲक्शन द्यावी लागते. मेजर इमेज: २० फुटांचा घन, यात आवाज, वास, ऊबसुद्धा येते, पण भाजण्याइतकी उष्णता किंवा कान बधिर होण्याइतका आवाज नाही.

नवीन खेळाडूंना हे समजवायला मी मृगजळाचं उदाहरण देतो. मे महिन्यात दुपारी दोनला विजापूर रोडला गाडी काढली की पुढे रस्त्यावर पाणी साचलेलं दिसतं. ती सायलेंट इमेज. पाणी दिसतं, पण गारवा येत नाही, ओल्या मातीचा वास येत नाही, समोरून येणाऱ्या ट्रकच्या चाकांतून थेंब उडत नाहीत. माझ्या ओग्रांसमोरच्या लाव्ह्याला धग नव्हती. ओगर पहिल्यांदा दचकून मागे सरला असता हे मान्य, पण तोंडावर झळ लागत नाही हे दुसऱ्या क्षणी त्याला जाणवायला हवं होतं. मी ते विसरलो, म्हणून पहिल्या लेव्हलचं स्पेल तिसऱ्या लेव्हलचं काम करत बसलं.

म्हणून सवय लावा. इल्यूजन टाकलं की खेळाडूला विचारा, "दिसतंय काय? आणि काय नाहीये?" दुसरं उत्तरही त्यानेच द्यायचं. खेळाडू स्वतः "याला वास नाही" म्हणाला की पुढचा निम्मा वाद तिथेच मिटतो.

पायरी २: घर कोणाचं ते आधी ठरवा

या लेखातली एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मला ती आमच्या टेबलावर बार्ड (जादू जाणणारा गवई) खेळणाऱ्या मैत्रिणीने शिकवली. तिचं घर पूर्व भागातलं, तीन पिढ्या मागावर. एका सेशनमध्ये चोराने व्यापाऱ्याला फसवायला इल्यूजनची चादर दाखवली आणि मी व्यापाऱ्याचा साधा रोल करायला निघालो. तिने मला थांबवलं. दिवाणावरची सोलापुरी चादर ओढून नकाशावर पसरली. तांबड्या जमिनीवर पांढरा मोर. मग तिने कोपरा धरून चादर उलटी केली. तोच मोर, पण पांढऱ्या जमिनीवर तांबडा. चादर दुहेरी विणीची असते, त्यामुळे पुढचा रंग मागे जातो आणि मागचा पुढे येतो. ती म्हणाली, "ज्याने चादर फक्त अंगावर घेतलीय, त्याला मागची बाजू डोळ्यांसमोर आणायला सांग. दोन्हीकडे तांबडंच करेल. आणि माझे आजोबा लांबून बघून सांगतील ही खोटी आहे. इन्व्हेस्टिगेशन कसलं लावतोस त्यांना?"

तेव्हापासून मी आधी दोन प्रश्न विचारतो. बनवणाऱ्याला ती वस्तू किती ठाऊक आहे? बघणाऱ्याला ती वस्तू, ती जागा किती सवयीची आहे?

त्या पडक्या गढीत गॉब्लिनही पहिल्यांदाच शिरले होते. बोळाच्या तोंडाशी भिंत असली काय, नसली काय, त्यांना काय कळणार? पडक्या गढीत भिंत असणं साहजिक आहे. तिथे त्यांनी थांबायला हवं होतं, शिव्या घालायला हव्या होत्या, दुसरी वाट शोधायला हवी होती. पण तीच भिंत त्यांच्या स्वतःच्या गुहेत, रोज जिथून ये-जा करतात तिथे उभी केली असती, तर पहिला गॉब्लिन भाला टोचून बघणारच. त्याला भिंतीत काही खोट दिसली म्हणून नाही. काल इथे भिंत नव्हती म्हणून.

टेबलावर हे असं चालवतो. चित्र त्या जागी शोभत असेल आणि बघणारा परका असेल, तर रोलच नाही. हात लागेपर्यंत तो खरंच मानतो. चित्र शक्य आहे पण खटकणारं असेल, तर बघणारा थबकतो आणि तपासायचं ठरवलं तर आपली ॲक्शन खर्च करतो. बघणाऱ्याला ती जागा तळहातासारखी माहीत असेल, किंवा खेळाडूने सांगितलेला तपशील त्याच्या ओळखीच्या गोष्टीशी जुळत नसेल, तर त्याला रोलवर ॲडव्हान्टेज, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घ्यायचा. हा आमच्या टेबलाचा नियम आहे, पुस्तकात नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सगळ्यांसमोर मांडायचा. ऐन वेळी काढलेला चांगला नियमही खेळाडूला अन्यायच वाटतो.

आकड्यांत फरक किती पडतो ते बघा. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचं इंटेलिजन्स १६ असेल तर डीसी, म्हणजे समोरच्याने गाठायचा आकडा, होते ८ अधिक २ अधिक ३, म्हणजे १३. गॉब्लिनचं इंटेलिजन्स १०, त्याला अधिक-उणे काही नाही. वीसबाजूंच्या फाशावर १३ किंवा वर पडायला हवं, म्हणजे ४० टक्के. ॲडव्हान्टेज दिलं की ६४ टक्के. ओगरचं इंटेलिजन्स ५, उणे ३ लागतात, म्हणून २५ टक्के. ज्याची जागा आहे तो बहुतेक वेळा पकडतो, परका बहुतेक वेळा फसतो. मला असंच हवं आहे. खेळाडूंनाही त्यामुळे आधी टेहळणी करायचं, शत्रू कुठे राहतो ते शोधायचं कारण मिळतं.

एक सांभाळा: मंद जनावर म्हणजे प्रत्येक चित्राला फसणारं जनावर नव्हे. लांडग्याचं इंटेलिजन्स ३ आहे, पण नाक तीक्ष्ण. वास नसलेल्या हरणाकडे तो रोल हरूनही फार वेळ बघत बसणार नाही. हे मी रोलने ठरवत नाही, त्याच्या स्वभावाने ठरवतो.

पायरी ३: हिशेब ॲक्शनमध्ये करा

इल्यूजनने किती नुकसान टळलं हे मोजता येत नाही असं वाटतं, पण येतं. एक राउंड ६ सेकंदांचा, त्यात प्रत्येकाला एक ॲक्शन. गॉब्लिनचा एक वार लागला तर सरासरी साडेपाच हिट पॉइंट (जीव मोजायचे गुण) जातात, आणि पहिल्या लेव्हलच्या विझार्डकडे साधारण ८ असतात. म्हणजे दोन वार वाचवले तर जीव वाचला.

माझा ठोकताळा असा आहे. मायनर इल्यूजनने शत्रूंच्या एक-दोन ॲक्शन खाल्ल्या तर स्पेलने आपलं काम केलं. सायलेंट इमेजने दोन-तीन राउंड एखादी बाजू अडवून धरली तर स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी) वसूल झाला. मेजर इमेजने अख्ख्या प्रसंगाची दिशा बदलली तरी चालेल, ती तिसऱ्या लेव्हलची आहे. मायनर इल्यूजनसारखं एखादं कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारं साधं स्पेल) पूर्ण लढाई संपवायला लागलं की मी स्वतःला विचारतो, शत्रूंपैकी कोणीच हात कसा लावला नाही?

एका गॉब्लिनने ओळखलं आणि ओरडून सांगितलं, तर बाकीच्यांचं काय? ओरडण्याने त्यांच्या डोळ्यांसमोरची भिंत जात नाही. पण आता त्यांच्याकडे पुढे जाऊन हात घालायचं कारण आहे. म्हणून मी पुढच्या पाळीला त्यांना भिंतीपर्यंत चालवतो. एक राउंड गेला. खेळाडूला तो राउंड मिळाला, गॉब्लिनही मूर्ख दिसले नाहीत.

कॉन्सन्ट्रेशन विसरू नका. सायलेंट इमेज धरलेल्या विझार्डला मार बसला की कॉन्स्टिट्यूशन सेव्ह (काटकपणाचा फासा), डीसी १० किंवा नुकसानाच्या निम्मी, जी जास्त असेल ती. नवीन डीएम हे हमखास विसरतात आणि मग म्हणतात स्पेल भारी आहे. मिरर इमेजला (स्वतःच्या खोट्या प्रतिमा उभ्या करणाऱ्या स्पेलला) कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, तिथे सूट आहे.

पायरी ४: भिंतीआडून बाण

ही युक्ती प्रत्येक टेबलावर कोणी ना कोणी शोधून काढतं. ज्याला इल्यूजन कळलं त्याला ते फिकट, आरपार दिसतं. मग विझार्डने भिंत उभी करायची, मित्रांना सांगायचं, आणि सगळ्यांनी पलीकडून बिनधास्त बाण सोडायचे.

दोन गोष्टींनी हे आटोक्यात येतं. एक, भिंतीतून बाण बाहेर आला की ती खोटी आहे हे बघणाऱ्याला त्याच क्षणी कळतं. वस्तू आरपार जाणं म्हणजेच पोल खुलणं. त्यामुळे पहिला बाण फुकट, दुसरा नाही. दोन, मित्रांनी नुसतं ऐकून भागत नाही. आमच्याकडे प्रत्येकाने भिंतीला हात लावायचा किंवा ॲक्शन देऊन तपासायचं, मगच आरपार दिसतं. शेजारी उभा असेल तर हात लावायला मी काही खर्च लावत नाही. ४० फूट मागे उभ्या असलेल्या तिरंदाज रेंजरला मात्र खोटी भिंत भिंतच दिसते. जागा कुठे घ्यायची याचा विचार करायला लागतो आणि लढाईत रंगत येते.

डिसगाइज सेल्फला, म्हणजे वेश पालटायच्या स्पेलला, फार शब्द नकोत. आपल्याकडे बहुरूपी पोलिसाचा वेश करून दारात येतो तेव्हा पोरं घाबरतात आणि आजी आतून सुपात जोंधळे घेऊन येते. वेश तोच, बघणारे वेगळे. स्पेलमध्ये उंची फूटभर कमी-जास्त होते, तासभर टिकतं, आणि अंगाला हात लावला की टोपीतून हात जातो. पायरी २ चे दोन प्रश्न इथे जसेच्या तसे लागू पडतात.

पायरी ५: इजा नाही, वजन नाही

साध्या इल्यूजनने कोणी भाजत नाही, बांधलं जात नाही, त्यावर उभं राहता येत नाही. खोट्या पुलावर पाय टाकला की माणूस पडतो, पण तो खरी दरी असल्यामुळे पडतो. माझ्या दुसऱ्या चुकीत दरी खरीच होती, म्हणून एकाचं पडणं मी आजही मान्य करेन. बाकीचे तीन त्याला पडताना बघूनही मागोमाग गेले, ते चुकलं.

फँटॅझमल फोर्स हा अपवाद. ते एकाच जिवाच्या मनात बसतं. इंटेलिजन्स सेव्ह हुकला तर तो समोरच्या विसंगतीलाही स्वतःच कारण शोधतो, आणि २०१४ च्या नियमांत दर राउंडला एका सहाबाजूंच्या फाशाइतकी मानसिक इजा होऊ शकते. खेळाडू इथे म्हणतात, "त्याच्या डोक्याभोवती लोखंडी पेटी, त्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, हलता येत नाही." दिसत नाही हे मी देतो. हलता येत नाही हे देत नाही, कारण जखडून ठेवणारी स्पेल वेगळी आहेत आणि ती शिकायला कुणीतरी किंमत मोजलेली असते. हवा तो एक परिणाम निवड, दुसरा सोड, असं सरळ सांगतो.

पायरी ६: डीएमचं इल्यूजन खेळाडूंवर

यात सगळ्यात जास्त प्रामाणिकपणा लागतो. वर्णन करताना "आहे" म्हणू नका, "दिसतं" म्हणा, आणि खऱ्या वस्तूंच्या बाबतीतही तेच करा, नाहीतर शब्दावरून चोरी पकडली जाते. अचानक "सगळ्यांनी इन्व्हेस्टिगेशन रोल करा" म्हटलंत की खेळ संपला. सेशन सुरू होण्याआधी प्रत्येकाचं पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशन (फासा न टाकता धरायचा आकडा) कागदावर घेऊन ठेवा: १० अधिक त्यांचा बोनस, ॲडव्हान्टेज असेल तर आणखी ५. गरज पडली की गुपचूप ताडून बघा.

प्रत्येक खोट्या गोष्टीत एक खूण ठेवा, आणि ती मोठ्याने सांगा. मशाल हलते पण खांबाची सावली हलत नाही. मेजवानी मांडलीय पण माशी एकही नाही. धुळीत येणारी पावलं भिंतीपाशी अर्धवट तुटलीत. खूण सांगूनही खेळाडू फसले तर ते पुढचे सहा महिने त्याच आठवणी काढतात. खूण न ठेवता फसवलंत तर विश्वास जातो, आणि मग पार्टी प्रत्येक फरशी दहा फुटी काठीने ठोकत चालते. असं होऊ नये म्हणून मी चार-पाच सेशनमध्ये एकदाच मोठं इल्यूजन ठेवतो.

सरावासाठी एक प्रसंग

आपला सोलापूरचा भुईकोट किल्ला डोळ्यांसमोर आणा: दुहेरी तटबंदी, बुरूज, खंदक, एका बाजूला सिद्धेश्वर तलाव. तसाच एक किल्ला कागदावर काढा. पार्टीला दोन तटांमधल्या अरुंद वाटेने आत जायचं आहे, पहाऱ्यावर दोघे. खेळायला बसायच्या आधी वहीत तीन ओळी लिहा: कोण किती दिवस इथे आहे, कोणाला कशाची भीती आहे, शंका आली तर कोण पुढे होईल आणि कोण हाक मारेल. लिहिलेलं मध्येच बदलायचं नाही. खेळाडूची युक्ती बघून पहाऱ्याला शहाणा किंवा वेडा करण्याचा मोह यानेच आवरतो. साधारण तासाभरात होतं.

आम्ही हा प्रसंग गेल्या पावसाळ्यात खेळलो. पहारेकरी वाटेत आला आणि मावसबहिणीची पाळी आली. तिने कार्ड हातात घेतलं, पण लगेच काही टाकलं नाही.

"दादा, याच्या चालण्यावरून काही कळतं का? वाट सवयीची आहे याला?"

मी वही बघितली. तिथे माझ्याच अक्षरात होतं: चार दिवसांपूर्वी भरती.

"दर वळणावर थांबून मशाल वर धरतोय. दोनदा चुकून आंधळ्या कोनाड्यात शिरला."

"मग भिंत," ती म्हणाली. "५ फुटी, त्याच दगडाची, वर शेवाळ. आवाज नाही, वास नाही."

पहारेकरी भिंतीपाशी आला, मशाल वर धरली, आणि आल्या वाटेने मागे वळला.